तोंडात टाचण्या

—टोकं आत, डोकी बाहेर. हां, अश्शा. ओठांनी धरायच्या, टीचर, दातांनी नाही, दातांनी धरल्या की वाकतात. आठ पुरे झाल्या. आणि आता बोलायचं नाही. तोंडात टाचण्या असताना बोलायचं नाही — आमच्या सिस्टरांच्या शिवणवर्गातला पहिला नियम हा, टीप मारायला नंतर शिकवायच्या. का म्हणजे? अहो, गिळली होती एकीनं! इनेझ म्हणून होती आमच्यात, निर्मळची, महाबडबडी — टाचण्या तोंडात आणि कशाला तरी फिदीफिदी हसली, आणि गेली ना एक पोटात. मग तीन दिवस तिला नुसती केळी खायला घातली आणि आम्ही सगळ्या तिच्यासाठी रोझरी म्हणत बसलो. वाचली हो. चार मुलं झाली नंतर तिला, आणि अजून तेवढीच बोलते. तर तुम्ही आपलं हं-हं करा, बोलायचं काम मी करते. मला काय, मी दारातल्या म्हशीशीसुद्धा बोलते, ऑगस्टीनला विचारा.

पाचच मिनिटं हं. तुमचे पेपर तपासायचे राहिलेत, ओटीवर गठ्ठा बघितला मी, पण पाठीकडे माझा हात पोचत नाही ना, तेवढ्यापुरतं. पुढचं मी आरशात बघून लावते, पाठीचं कोण लावणार? आणि त्या कडीकडे बघू नका असं. मीच लावली. वाडीतले गडी पाणी मागायला सरळ आत येतात, आणि मी ही अशी कच्च्या टिपेतल्या झग्यात उभी, बरं दिसतं का? आमची पोरगी रोझमेरी घरात असती तर तिलाच हाक मारली असती, तुम्हाला कशाला उठवलं असतं. पण ती वांद्र्याला गेलीय लग्नाच्या गाऊनची ट्रायल द्यायला — तिची आत्या आहे बरोबर, डेल्फिन, आमच्या ह्यांची, ऑगस्टीनची, बहीण. साडेचारच्या एसटीनं येतील. आता किती वाजले? साडेतीन. मग आहे वेळ. घ्या, मानेखालून सुरू करा, मधोमध, कण्यावरून खाली. टोचलं तर टोचलं, मी काय रडणार नाही.

लग्नाचा गाऊन मी नाही शिवला, बाई. ते वांद्र्याच्या बाईचं काम, तिच्याकडे पुस्तकं असतात परदेशातली. मी घरातली शिंपीण. घरात घालायचे झगे, ऑगस्टीनचे लेंगे, उशांचे अभ्रे — पण घरातल्या झग्याचं मला कुणी शिकवू नये. चोवीस वर्षं झाली लग्नाला, चोवीस वर्षांत या अंगावर दुसऱ्या कुणाच्या हातचा रोजचा झगा चढला नाही. बाजारातला तयार आणा आणि घालून विहिरीवर वाका बघू! काखेत टर्रकन जातो. का जातो? कारण त्याला माहीतच नाही बाई काय काय करते ते. सकाळी म्हैस, मग वांग्यांना पाणी, मग धुण्याचा दगड, मग माळ्यावर हात उंच करून सुकेळी पालटायची — त्या प्रत्येकाला मुंढ्यात जागा ठेवावी लागते. मुंढा म्हणजे हा, बाही लावतात ती गोलाई. आमची सासू मरेपर्यंत लाल लुगड्यात. तिला कसलं फिटिंग, नऊ वार गुंडाळलं की झालं. मला म्हणायची, एमिली, तू दिवसभर कापतेस काय आणि शिवतेस काय, अंग काय रोज बदलतं का? मी म्हणायची, नाही हो आई, अंग तेच असतं, कापड फाटतं. तेव्हा तसंच वाटायचं.

तो खिळ्याला लावलेला कागद बघितलात? कॅलेंडरच्या शेजारी, वर्तमानपत्राचा, पिवळा पडलेला. तो माझा कागद. धाकट्या जॉनच्या वेळी अंग सुटलं तेव्हा कापला, चौदा वर्षं झाली त्याला. तुमच्यासारखंच सगळे विचारतात, हा अर्धाच का म्हणून. अहो, अर्धाच असतो! कापड दुमडायचं, दुमडीला कागदाची सरळ कड लावायची, खडूनं आखायचं, कापायचं — आणि उघडलं की दोन्ही बाजू तयार. माणसाचं अंग डावीकडे-उजवीकडे सारखंच, मग दोनदा कशाला कापायचं? सिस्टर म्हणायच्या, देवानं अर्धं काम वाचवलंय, तुम्ही वाढवू नका. त्या एका अर्ध्या कागदावर किती झगे निघाले असतील सांगा. पन्नास? साठ? डोळे मिटून कापते मी. ऑगस्टीन म्हणतो, तू झोपेत कापलास तरी बसेल. आणि बसायचाच.

—हललेच का मी? हलले. काय करू, एका जागी पायच ठरत नाही हल्ली. थांबा, फाटक वाजलं का? नाही, नारळाची झावळी पडली. घ्या, पुढची लावा.

हा चौथा झगा, टीचर. फेब्रुवारीपासून चौथा! चोवीस वर्षांत जिचा एक बिघडला नाही तिचे तीन बिघडले. पहिल्याला म्हटलं, कापड आटलं असेल. पण कापड भिजवलं होतं, सुकवलं होतं, मी काय नवखी आहे? दुसऱ्याला म्हटलं कातर बोथट झाली, तिला धार लावून आणली. तिसऱ्याला मशीनवर खापर फोडलं, टीप खेचतेय म्हणून. ऑगस्टीननं अख्खं मशीन उघडलं, तेल घातलं, म्हणाला काही झालेलं नाही, घड्याळासारखं चालतंय. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात तसली गत माझी! काय होतं माहितेय — बटणं लावली की डावीकडे ओढतं. इथून, काखेपासून, ते मधल्या बटणापर्यंत अशी तिरकी सुरकुती पडते, कुणी आतून धरून ओढल्यासारखी. आणि उजवीकडे? उजवीकडे ढगळ. एकाच झग्यात एक बाजू ढगळ आणि एक बाजू तंग, असं कुठल्या सिस्टरनं शिकवलंय?

झाली पाठ? छान लावल्यात हं, सरळ रेषेत, तुमचं अक्षरही असंच असणार. आता बाजूला या. नको, आधी उजवी. उजवी सोपी आहे. चिमटीत धरा आणि आत घ्या. अजून घ्या. बघा, केवढं ढिलं! बारीक झालेय ना मी? चला, तेवढं तरी बरं, लग्नात बरी दिसेन. उपासाचे चाळीस दिवस चाललेत आमचे, घरात मटण बंद, त्यानं उतरत असेल अंग. डेल्फिन परवा म्हणाली, वहिनी, गळ्याची हाडं दिसायला लागली तुझी. मी म्हटलं, मुलीचं लग्न काढ म्हणजे कळेल, तुझीपण दिसतील. तिला बोलायला काय जातं, तिला दोन्ही मुलगेच.

लग्न ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी. पाच आठवडे राहिले. युजीनला बहारीनहून महिन्याचीच सुट्टी मिळालीय, आणि ती चुकली की पुढची दोन वर्षांनी. दोन वर्षं कोण थांबतंय? मुलगा चांगला आहे हो. रोझमेरीला पत्र लिहितो तर तीन-तीन पानं, आणि मला वेगळं एक पान असतं त्यात — मम्मी, सुकेळी मिळाली, सगळ्या खोलीनं खाल्ली. पण त्याची आई! नंदाखालची आहे, नाक हे असं वर. बोलणी करायला आली तेव्हा चहाचा कप खाली ठेवण्याआधी आमच्या सात पिढ्यांचं विचारून झालं. कुणाला साखर आहे का, कुणाला वेड आहे का, कोण कशानं गेलं. मुलीची मावशी लवकर गेली ना, कशानं गेली?

मी म्हटलं, काविळीनं.

लावा ना टाचणी, का थांबलात? उजवीकडची एक राहिलीय खाली, कमरेजवळ. हो, काविळीनं म्हटलं. ऑगस्टीन नुसता आपल्या कपात बघत बसला. आता तुम्ही शिकलेल्या, तुम्ही म्हणाल खोटं का बोललात. अहो, सोयरिकीच्या बोलण्यात कोण खरं बोलतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. मटिल्डा मेली त्याला पाच वर्षं होऊन गेली, ती काविळीनं मेली काय नि कशानं मेली काय, ती थोडीच येणार आहे सांगायला? फादरांना सांगितलंय मी पापनिवेदनात. त्यांनी रोझरी म्हणायला सांगितली, मी दोन म्हटल्या.

माझा कागद बघताय ना अजून? त्याच्या मागचा — हात नका लावू! तसं नाही, ओरडले नाही तुमच्यावर, कागद जुना आहे, फाटेल. तो माझा नाही. तो मटिल्डाचा. हो, दोन आहेत तिचे. डावा वेगळा, उजवा वेगळा, वर पेन्सिलीनं लिहिलंय बघा.

माझी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्न करून इथंच पडली, गिरीजमध्येच, त्या वळणावरच्या फ्रेडरिकच्या घरात. सुईत दोरा ओवता यायचा नाही तिला, पण झगे माझ्या हातचेच पाहिजेत. कापड काखेत मारून यायची, म्हणायची, शिव गं एमिली, तुझं काय, तुला हात आहेत, मला नुसती तोंडाची वाफ. एकदा आली, म्हणाली, डावीकडे काचतंय गं, जरा उसव. मी उसवलं. आत माया ठेवलेली असतेच — म्हणजे शिवणीत दाबलेलं जास्तीचं कापड, आम्ही त्याला मायाच म्हणतो — त्यातली बोटभर सोडली, टीप मारली, दिली. पाच मिनिटांचं काम. दोन महिन्यांनी परत. डावी बाजू जरा उसव. परत सोडली. तिसऱ्यांदा आली तेव्हा माया संपलेली, सोडायला काही उरलंच नव्हतं, तर मी काय केलं असेल सांगा? काखेखाली कळी जोडली! तिकोनी तुकडा, एवढासा. आणि छापाचं कापड होतं ते, निळ्यावर पांढरी फुलं, तर मी फुलाला फूल जुळवलं. सांधा कुठं आहे ते मला स्वतःला शोधावं लागायचं. मटिल्डा हसली, म्हणाली, तू ना, तू देवाच्या अंगरख्यालासुद्धा ठिगळ लावशील नि त्याला कळणार नाही. गावभर दाखवत फिरले मी ती कळी. पाकळीचा अर्धा तुकडा इकडे, अर्धा तिकडे — डेल्फिननं चष्मा लावून बघितलं, तरी सांधा सापडला नाही.

विचारलं नाही हो मी तिला. काचतंय तर का काचतंय, आणि डावीकडेच का — नाही विचारलं. का विचारीन? काचलं की उसवायचं, एवढंच मला ठाऊक. शिवणारी बाई कापडाकडे बघते.

मग परळला नेली मोठ्या हॉस्पिटलात. तिथले डॉक्टर म्हणाले, आठ महिन्यांपूर्वी का नाही आणली? कापली त्यांनी ती बाजू, सगळी. घरी आल्यावर मला म्हणाली, आता तुझा अर्धा कागद चालायचा नाही गं एमिली. तेव्हा हे दोन कापले. उजवा होता तसा, डावा सपाट. सपाट झगा घालून देवळात कशी जाईल? मग आतून खिसा शिवला, मलमलीचा, त्यात कापूस. नुसता कापूस हलका पडायचा, वर सरकायचा, तर तळाशी मूठभर तांदूळ घातले, म्हणजे जागच्या जागी राहतो. हे मी माझ्या डोक्यानं शोधून काढलं, कुणी शिकवलं नाही. असे पाच झगे केले. चार घातले तिनं. पाचवा... पाचवा पण घातला. तो आम्ही घातला तिला.

त्यानंतर तिच्या मुलीचं ठरलेलं मोडलं. कोण काही बोललं नाही, नुसता निरोप आला, मुलाचा विचार बदलला. पण बाजारात बायका बोलायच्या ते कानावर आलंच — त्या घरात आहे ते. आईला झालं, उद्या मुलीला होणार. पोरगी बत्तीसची झाली, टीचर. अजून घरीच आहे.

—चला, डावी घ्या आता. किती वेळ उजवीच धरून बसलात! काखेखाली, चार बोटं खाली. तिथून सोडायचं आहे, आत घ्यायचं नाही. कच्चा दोरा ओढला की सुटेल. ओढा ना. हां.

का थांबलात?

नाही, दुखत नाही. लावा तुम्ही. दाबलं तरी दुखत नाही. हात काढू नका असा चटकन, मला काय विंचू चावलाय का? सूज आहे ती. रहाटाचा दांडा लागला असेल. रहाट कुठं आता, पंप आहे, मग पंपाचं चाक लागलं असेल, नाहीतर म्हशीनं शिंग मारलं असेल. नाताळात मारलं असेल. अहो, हो, नाताळापासून! डोळे मोठे करू नका, तुमचे डोळे आधीच मोठे आहेत. मटिल्डाचंही दुखत नव्हतं.

ते कॅलेंडरवरचे आकडे? दुधाचे आहेत ते.

...दूध कुठं विकत घेतो आम्ही, दारात म्हैस बांधलीय. बघा, मला नीट खोटंसुद्धा बोलता येत नाही आणि निघाले सोयरिकी जमवायला! टेपचे आहेत ते. दर पहिल्या शुक्रवारी मोजते. मधल्या शिवणीपासून काखेपर्यंत, उजवीकडे नऊ इंच, चौदा वर्षं नऊच, आता उलट थोडं कमीच. डावीकडे जानेवारीत नऊ नि एक दोरा, म्हणजे जेमतेम रेघभर जास्त. फेब्रुवारीत सव्वानऊ. या महिन्याचा आकडा लिहिलाच नाही मी. मोजला, पण लिहिला नाही. पेन्सिल सापडली नाही.

म्हणून हा चौथा झगा. हा बघा, याला गळ्याखाली पट्टी घेतलीय आणि पट्टीपासून सगळ्या चुण्या सोडल्यात, दाट. चुण्या असल्या की डावं-उजवं काही कळत नाही, म्हातारीपासून पोरीपर्यंत सगळं झाकतं. असे सहा करायचे. सहा झगे, पाच आठवडे. घरात पाहुणे येतील, नंदाखालची ती बाई चार-चार दिवसांनी काहीतरी निमित्त काढून येईल, आणि तिची नजर ही अशी — टेपपेक्षा वाईट. लग्न होऊन जाऊ दे. पोरीच्या बोटात अंगठी पडली, की मग मी जाईन. देवाशपथ जाईन. परळला न्या, कुठंही न्या. पाच आठवड्यांत काय होतंय? मटिल्डानं आठ महिने काढले.

आणि रोझमेरी घरात असती तरी तिला बोलावलं नसतं मी. आता बोललेच आहे तर ऐका. तुम्हालाच का बोलावलं? तुम्ही घाटावरच्या, परक्या. शाळा सुटली की मे महिन्यात गावी जाल, कदाचित बदली होईल, कुणाला सांगणार आहात? आमच्या ह्या वाडीत एका घरात शिंकलं तर चौथ्या घरात देव तुझं भलं करो म्हणतात. परकं माणूस बरं असतं. शिवाय तुम्ही गरीब स्वभावाच्या, दोन वर्षं ओटीवरच्या खोलीत राहता, कधी मोठ्यानं रेडिओ नाही लावलात.

नाही. नाही, टीचर, त्या टाचण्या काढू नका तोंडातून. मला माहितेय तुम्ही काय बोलणार ते! सोमवारी रजा घ्याल, बरोबर याल, तुमच्या ओळखीच्या कुणीतरी तिथं नर्स आहेत — सगळं माहितेय. हेच मी मटिल्डाला म्हटलं होतं, उशिरा. मग रोझमेरीचं काय? मी सोमवारी जायचं, मंगळवारी नंदाखालला कळायचं, बुधवारी निरोप यायचा. आईला झालं, मावशीला झालं, आणि मावशीची कावीळ पण खोटी. खोटारड्या घरची मुलगी! तिनं काय केलंय? तिनं युजीनच्या पत्रांचा गठ्ठा उशीखाली ठेवलाय, माझ्या हातच्या अभ्र्याखाली. ती बत्तीसची होऊन माझ्या समोर बसेल, आणि मी — मी असेन तरी का तोवर? घाला त्या परत तोंडात. पाया पडते मी तुमच्या, मंदा, बाय माझी, घाल त्या टाचण्या तोंडात. मला काही ऐकायचं नाही. तू नुसती डावी बाजू सोड आणि जा पेपर तपासायला. बोटभरच सोड. एक बोट.

...हां.

हां, तिथंच. गुणाची पोर. मी हलत नाही आता, बघ, अगदी खांबासारखी उभी आहे. आरशात बघते नुसती. छान बसतंय. सुरकुती गेली बघ, एकदम गेली, जादू झाल्यासारखी. बोटभर सोडलं की...

तू रडतेस का? रडत रडत टाचण्या लावतेस? मग का लावतेस गं? मी म्हटलं म्हणून? मी म्हटलं उसव, आणि तू उसवलंस. एवढं डोळ्यांनी बघितलंस, हाताला लागलं, आणि मी नको म्हटल्यावर परत गप्प ओठ मिटून गुडघ्यावर बसलीस, डावीकडे, बरोब्बर तिथंच — मी पण इथंच बसले होते. याच आरशापुढे. ती अशी उभी होती, हात वर करून, निळ्यावर पांढरी फुलं. आणि मी फुलं जुळवत होते! मला वाटायचं तिला माहीत नव्हतं. माहीत होतं तिला. तिची पोरगीसुद्धा लग्नाचीच होती की तेव्हा. ती नुसती बघत होती, मी विचारते का. तीनदा आली ती, टीचर. तीनदा आली आणि मी तीनदा—

थांबा. फाटक. हे फाटकच. डेल्फिनचा आवाज, वाडीत शिरायच्या आधी ऐकू येतो. लवकरची एसटी मिळालेली दिसते.

उठा तुम्ही. डोळे पुसा, तो पदर नको, हे माझं धडपं घ्या. टाचण्या काढा तोंडातल्या, सगळ्या, त्या डबीत टाका. किती? आठ होत्या, पाठीला चार, उजवीकडे दोन, डावीकडे एक — आणि एक राहिली, हां, ही. बरोबर. नाही, झगा राहू दे अंगावर. बदलत नाही मी. कॅलेंडर पण राहू दे तिथंच. आता काही लपवायचं नाही. कडी काढा.

रोझमेरी! गाऊनचा खोका बाकावर ठेव, उघडू नकोस आत्ता, नंतर बघू. आत्याला ओटीवर बसव, पाणी दे, सांग वहिनी बाहेर येतेय. तू आत ये. नाही, आत्या नको, एकटी ये. हात धुऊन ये.

तुम्ही जा, टीचर. जा म्हटलं ना, तुमचे पेपर राहिलेत. डावी बाजू तीच लावील.

ये. दार लोटून घे. ही डबी धर, इथं बस, माझ्या डावीकडे. आणि टाचण्या तोंडात घालू नकोस, बाय.